दर ऑगस्टला आडवं होणारं गवत: देशी गवताच्या बेटांचं कुठे बिघडतं

जुलैत गवताची बेटं, म्हणजे एका बुडातून फुटलेले झुबके, अशी तरारतात की येणारे-जाणारे थांबून नाव विचारतात. मग पंधरा ऑगस्टच्या आसपास एका रात्री दणकून पाऊस होतो आणि सकाळी बघावं तर सगळं गवत पायवाटेवर आडवं. मधोमध भांग पाडल्यासारखा उघडा बुंधा आणि चहूकडे लोळलेली पाती. तुरा यायला अजून महिना असतो. तो येतो, पण जमिनीवर पडल्या पडल्या, चिखलात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

माझ्याकडे हे सलग तीन पावसाळे झालं. घर पुण्यात, भोवती जेमतेम अर्धा गुंठा मोकळी जागा. सासरे पुरंदर तालुक्यातले. त्यांच्या बांधावरून मारवेल गवताचे ठोंब (मुळांसकट फुटवे) आणले, शेजारच्या माळातून पवना आणला, रोशा आणि वाळा ओळखीच्यांकडून मिळाला. कुसळीचं बी न मागता साडीच्या काठाला चिकटून आलं.

आधी एक खुलासा. नर्सरीत 'शोभेचं गवत' म्हणून मिळतं त्यातलं जांभळ्या पात्यांचं फाउंटन गवत मुळात आफ्रिकेकडचं, आणि पांढऱ्या पिसांसारख्या तुऱ्यांचं पम्पास दक्षिण अमेरिकेतलं. मलाही एका नर्सरीत जांभळं गवत "एकदम देशी आहे मॅडम" म्हणून विकलं होतं. पुढे जे लिहिलंय ते आपल्या माळावरच्या, बांधावरच्या गवतांबद्दल आहे. ते त्या कुंडीतल्या पाहुण्यांना लागू पडेलच असं नाही.

आधी बेटात हात घाला

'गवत पडलं' या दोन शब्दांखाली निदान चार वेगळे आजार लपलेले असतात आणि लांबून चारही सारखेच दिसतात. पाऊस उघडून, पाणी निथळून मातीला वाफसा आला की आधी काठीने बेट चांगलं हलवून घ्या (आत कुणी मुक्कामाला असेल तर त्याला निघायला वेळ द्या), मग पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बेट दोन्ही हातांनी फाकवा. वाळ्याची पात कडेने उलटी चोळली तर बोट कापतं, हे लक्षात असू द्या.

काड्या तळाशी घट्ट आहेत, पांढरट हिरव्या आहेत, ओढल्या तरी येत नाहीत, फक्त खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराशी वाकल्यात. याला शेतकरी 'लोळणं' म्हणतो. गवत निरोगी आहे, पण स्वतःचं वजन पेलण्याइतकं त्याचं खोड टणक नाही.

फुटवा ओढताच हातात आला, तळ तपकिरी आणि बुळबुळीत, नाकाशी नेला तर गटारासारखा वास. ही कुज. इथे पाणी तुंबतंय किंवा ठोंब लावताना बुंधा मातीत गाडला गेलाय.

मध्ये वाळका पेंढा, त्यात एकही हिरवं पातं नाही, आणि बाहेर हिरवं कडं. बेट म्हातारं झालंय. गवती चहाचं जुनं बेट ज्यांनी पाहिलंय त्यांना हे टक्कल वेगळं सांगायला नको.

चौथी गोष्ट क्वचित दिसते. सगळा फुटवा हिरवा, पण मधला पोंगा (गुंडाळलेली कोवळी पाती) तेवढा वाळलेला, आणि चिमटीत धरून ओढला की अलगद सुटून येतो. ज्वारी-उसात जी पोंगेमर होते तीच. खाली खोडाला बारीक भोक सापडेल. असे फुटवे बुडातून कापून गावाबाहेर फेकू नका, तिथल्या तिथे चिरून आतली अळी मारा. घरच्या बागेत याला औषध मारायची वेळ माझ्यावर कधी आलेली नाही.

मातीचे पापुद्रे बुंध्यावर चढलेले दिसले की लोक वाळवी वाळवी म्हणून घाबरतात. वाळवी बहुतेक वेळा मेलेलंच खात असते. आतला वाळका पेंढा काढून टाका, तिचंही काम संपतं.

दहातल्या सात-आठ तक्रारी पहिल्या प्रकारच्या असतात, उरलेल्या बहुतेक तिसऱ्या. म्हणून पहिल्याबद्दल सविस्तर.

तीन वर्षं मी काय काय चुकले

पहिल्या वर्षी पावसाला दोष दिला. तो दरवर्षीच पडतो, हे तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षी सुतळी. प्रत्येक बेटाला कमरेशी सुतळीचे दोन वेढे घातले. बाग केरसुण्यांच्या दुकानासारखी दिसायला लागली. शिवाय बांधलेल्या बेटाच्या आत हवा खेळेना, आणि सुतळीखालची पाती पिवळी पडून कुजली. म्हणजे एक आजार होता तिथे दोन झाले. बांबूच्या काठ्या रोवणं, जाळीची रिंग घालणं हे सगळं याच वंशातलं. करू नका.

याच वर्षी सासरे चार दिवस राहायला आले होते. मी मोठ्या अभिमानाने वाफा दाखवला: दीड फूट खणलेला, निम्मी लाल माती, प्रत्येक खड्ड्यात घमेलंभर शेणखत, वरून गांडूळखताचा थर, मोगऱ्याच्या ठिबकची नळी वाढवून इथवर आणलेली. त्यांनी चप्पल काढून मातीत पाय दाबला. पाय घोट्यापर्यंत गेला. म्हणाले, "अगं, हे तू गवताला केलंस? मग मेथीला काय करशील?"

मी हसण्यावारी नेलं. पण उत्तर फाटकापाशी उभंच होतं. गाडी लावायच्या जागेला मुरूम टाकला होता, त्याच्या कडेला उरलेले चार ठोंब मी नुसते सुकू नयेत म्हणून खोचून ठेवले होते. त्यांना खत नाही, पाणी नाही, आळंसुद्धा नाही. ती चार बेटं वाफ्यातल्या बेटांच्या निम्म्या उंचीची होती, पात अरुंद, रंग फिका, आणि त्याच पावसात ती ताठ उभी होती. सप्टेंबरच्या शेवटी तुरे आले तेव्हा उन्हात तांबूस सोनेरी दिसत होते. वाफ्यातल्या बेटांचे तुरे मी चिखल झटकून बघत होते.

कारण अवघड नाही. नत्र जास्त मिळालं की काडीची खालची पेरं लांबतात आणि त्यांच्या भिंती पातळ राहतात. वर पाला मात्र भरघोस. त्या पाल्यावर पावसाचं पाणी बसलं की काडी खालून वाकते. भुसभुशीत ओली माती मुळांना धरून ठेवत नाही, त्यामुळे कधी कधी अख्खं बेटच मुळासकट कलंडतं. आपले उंच देशी गहू खत वाढवलं की असेच लोळायचे. साठच्या दशकात बुटके मेक्सिकन वाण आले त्यामागे हेही एक कारण होतं. शेतात धान्य हवं म्हणून वाण बदलला. बागेत धान्य नकोच आहे, तर खतच बंद करणं सोपं.

तिसऱ्या वर्षी जूनच्या सुरुवातीला सगळे ठोंब काढले. वाफ्यातली वरची नऊ इंच माती उपसून आंब्याच्या बुडाशी टाकली. त्या जागी तीन भाग बारीक मुरूम आणि एक भाग साधी माती, खत शून्य, आणि वाफा आजूबाजूपेक्षा सहा इंच उंच. ठिबकची नळी काढून टोकाला गाठ मारली. फरक पडला. समोरची रांग उभी राहिली.

भिंतीजवळची रांग मात्र पुन्हा पडली.

जानेवारीत ठरवलेली जागा

इथे मी पुरती गोंधळले. तीच माती, तेच ठोंब, तोच पाऊस. भिंतीवरच्या छज्जाच्या पागोळ्या म्हणाव्या तर त्या पुढच्या रांगेवर पडत होत्या. आणि ही तर बागेतली सगळ्यात उन्हाची जागा! घराच्या दक्षिणेची भिंत. मी ती निवडलीच होती कारण जानेवारीत तिथे दिवसभर ऊन असतं. आई पापड वाळवायला तिथेच बसायची.

हे कोडं मेमध्ये सुटलं, शून्य सावलीच्या दिवशी. पुण्यात मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या शेवटी एकदा सूर्य भर दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो. पोरं अंगणात बाटली उभी करून सावली नाहीशी होताना बघत होती. मुलीने विचारलं, "मग या दोन दिवसांच्या मधे सूर्य कुठे असतो?" उत्तरेला! मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्यही आपल्या उत्तरेकडे असतो. तो उगवतो ईशान्येकडून, मावळतो वायव्येकडे. म्हणजे या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही, आणि दुमजली घर असेल तर तिच्या पायथ्याच्या दोन-तीन फुटांतल्या वाफ्याला सकाळ-संध्याकाळ घराचीच सावली.

आणि गवत वाढतं कधी? नेमकं जून-जुलैत. जागा मी थंडीतल्या उन्हावर ठरवली होती आणि वाढ पावसाळ्यातल्या सावलीत होत होती. सावलीत गवत जे करतं तेच त्याने केलं: उजेड शोधत लांब झालं, बारीक झालं, एका अंगाला झुकलं. वाकण्याची दिशा पाहिली असती तर आधीच कळलं असतं. भिंतीजवळची सगळी बेटं दक्षिणेकडे, घराकडे पाठ करून पडली होती. खताने लोळलेलं बेट चहूकडे फाकतं. सावलीने लोळलेलं एकाच बाजूला जातं.

तुम्हाला तुमची जागा तपासायची असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका, तेव्हा ढगांमुळे काही कळत नाही. मेच्या मध्यात एक दिवस सकाळी आठ ते संध्याकाळी पाचपर्यंत तासातासाला जाऊन सावली कुठे आहे ते खडूने किंवा विटेच्या तुकड्याने खूण करा. त्या दिवशी सूर्याची जी वाट असते तीच जुलैअखेरीला असते. एप्रिलच्या मध्याला बघितलंत तर ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याचं कळेल. दोन्ही दिवशी जिथे सहा-सहा तासांच्या वर ऊन पोचतं तिथे माळावरचं गवत लावा. ही गवतं मोकळ्या माळावर वाढलेली आहेत. पुरंदर, दौंड, बारामतीकडच्या माळावर फिरून या, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला गेलात तर खालीही बघा. मुरमाड उघडी जमीन आणि सावली म्हणायला लांबवर एखादी बाभूळ किंवा हिवर.

भिंतीजवळ मी आता सोनटक्का लावलाय. तो खूश आहे.

आत्ताच पडलंय, काय करू?

हा प्रश्न ऑगस्टमध्येच येतो, म्हणून मधेच घेते. पहिले चार-पाच दिवस काहीही करू नका. गवताच्या पेरात एक गंमत असते: काडी आडवी झाली की पेराची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि काडी गुडघ्यात वळल्यासारखी पुन्हा वर उठते. कोवळ्या पेरांना हे जमतं. पडलेली काडी उचलून बघा, टोकाकडचा भाग वर वळलेला दिसेल. तुम्ही ती उलटी वाकवून सरळ करायला गेलात तर तिची ही मेहनत वाया जाते, आणि बहुतेक वेळा काडी मोडते.

पाच दिवसांनीही जी बेटं सपाट आहेत ती विळ्याने गुडघ्याएवढी ठेवून कापा. हे ऑगस्टअखेरपर्यंतच करा. ओल असते, पुन्हा फूट येते, तुरे थोडे उशिरा आणि बुटक्या काड्यांवर येतात, पण उभे राहतात. सप्टेंबर अर्धा उलटल्यावर कापलंत तर त्या वर्षीच्या तुऱ्यांवर पाणी सोडावं लागेल.

ज्यांना माती बदलणं शक्य नाही त्यांनी दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, बेट दोन फूट झालं की ते एका फुटावर छाटावं. फुटवे वाढतात, उंची आवरते. मारवेलला हे फार मानवतं, शेवटी ते वैरणीचंच गवत आहे आणि कापणी त्याच्या अंगवळणी पडलेली आहे.

मधलं टक्कल

गवताचा नवा फुटवा जुन्याच्या बाहेरच्या अंगाला येतो. दरवर्षी बेट एकेक कडं बाहेर सरकतं आणि मधे जुन्यांची मढी साचत जातात. माळावर गुरं चरतात, दिवाळीनंतर गवत कापून गंजी लागते, त्यामुळे मधे उजेड पोचत राहतो. घरच्या बागेत गाय नाही आणि विळाही नाही. आपण ते बेट 'नैसर्गिक दिसू दे' म्हणून तीन वर्षं हात न लावता ठेवतो, आणि मग मधे पेंढा.

दर तिसऱ्या वर्षी बेट फोडायचं. वेळ एकच: दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन भिजली की, म्हणजे पुण्याकडे साधारण जूनचा तिसरा आठवडा ते जुलैचा पहिला पंधरवडा. फेब्रुवारीत फोडलेले माझे अकरापैकी नऊ ठोंब मेले होते. पाती वीतभर ठेवून कापा. पहार किंवा कुदळ घेऊन बाहेरच्या हिरव्या कड्याचे तुकडे करा, प्रत्येकात चार-पाच फुटवे आणि बोटभर तरी मुळं हवीत. मधला पेंढा फेकून द्या, दयामाया नको. लावताना बुंधा जमिनीच्या पातळीलाच ठेवा. खोल लावला तर 'घट्ट बसला' असं वाटतं आणि वर लिहिलेली कुज तिथूनच सुरू होते. मारवेल-पवन्याला दीड फुटाचं अंतर, रोशाला दोन फूट, वाळ्याला किमान तीन. पहिल्या आठवड्यात पाऊस दडी मारून बसला तर एक-दोनदा झारीने पाणी, नंतर नाही.

वाळ्याचं बेट फोडायला मात्र दुसरा माणूस बोलवा. त्याची मुळं सरळ खाली जातात आणि ती खणून काढणं हे कमरेचं काम आहे. निघालेली मुळं धुऊन, वाळवून माठात टाका. मजुरी वसूल.

वाळलंय की मेलंय

मार्चनंतर दुसरी तक्रार सुरू होते: गवत वाळलं. आणि मग घाबरून पाणी. इथे फार बेटं मरतात, आणि ती तहानेने मरत नाहीत. ही बहुतेक बारमाही गवतं उन्हाळ्यात वरून वाळून खाली जिवंत राहतात. रंग करडा-सोनेरी होतो, पात कुरकुरीत होते. एक काडी बुडाशी वाकवून बघा. कट्कन मोडली तर ती काडी गेली. पण तिच्या बुडाचं वाळकं आवरण नखाने सोलल्यावर आत पांढरट, किंचित ओलसर कोंब लागला तर बेट झोपलेलं आहे. त्याला झोपू द्या. फारच जीव तुटत असेल तर महिन्यातून एकदा एक बादली. रोज पाणी दिलंत तर कोवळी फूट येते, ती एप्रिलच्या उन्हात करपते, पुन्हा फूट येते, पुन्हा करपते, आणि जूनमध्ये फुटायला बुंध्यात काही शिल्लकच राहत नाही.

शेजारच्या वाफ्याचं ठिबक हा छुपा गुन्हेगार. तुम्ही गवताला पाणी देत नसता, पण मोगऱ्याचं पाणी मातीखालून तिथवर जातं. बेटाची एकच बाजू कुजत असेल तर त्या बाजूला काय लावलंय ते बघा.

वाळकं गवत कापायचं मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाचे पाऊस सुरू झाले की. चार ते सहा इंच ठेवून. जमिनीलगत भुंडं केलंत तर काही फुटवे कायमचे जातात. त्याआधी कापायची घाई कशाला? ऑक्टोबरपासून तुऱ्यांवर मुनिया लोंबकळून बी ओढत असतात, आणि डिसेंबरातल्या सकाळी दव पडलेलं रोशाचं गवत उन्हात येतं ते बघायला मी चहाचा कप घेऊन उभी असते.

दिवाळीचं मात्र भान ठेवा. तेव्हा तुरे वाळू लागलेले असतात आणि कुणाच्या तरी बाटलीतला बाण आपल्याच वाफ्यात येतो. फटाके उडवायच्या जागेपासून आणि घराच्या लाकडी दारांपासून पाच-सहा फूट मोकळी फरशी किंवा खडीची पट्टी हवी. तेवढ्या पट्टीमुळे सापाची भीतीही कमी होते, कारण उघड्या फरशीवर तो लपत नाही आणि आला तर दिसतो.

कुठे कोणतं, थोडक्यात

पाण्याच्या टाकीचं पाणी ओसंडून जिथे चिखल होतो तिथे वाळा. तो ओलही सोसतो आणि कोरडही. काळ्या भारी मातीत मारवेल. ओळखायचं असेल तर काडीचं पेर डोळ्यांजवळ न्या, भोवती पांढऱ्या केसांची अंगठी दिसते. मुरमाड, तापलेल्या जागी पवना. त्याच्याच भावंडाला काही ठिकाणी शेडा म्हणतात, आणि नावांची ही सरमिसळ गावागणिक बदलते, तेव्हा नावावर भांडू नका. वासासाठी रोशा: पात चुरगळली की गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो. खानदेशात, नंदुरबारकडे याच गवताचं तेल काढत.

कुसळी दिसायला सगळ्यात देखणी आणि वागायला सगळ्यात वाईट. दुसऱ्याच्या डोळ्यातलं जे कुसळ आपल्याला दिसतं ते हेच. एक पिकलेलं कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडा. त्याची पिळलेली शेपटी उलगडत गोल फिरायला लागते, अगदी घड्याळाच्या काट्यासारखी. वाळली की पुन्हा पीळ. या मळसूत्रानेच बी स्वतःला जमिनीत रोवतं. आणि मोज्यात, कुत्र्याच्या पंज्यात, मुलांच्या चड्डीतही. घरात कुत्रं असेल तर लावू नका. हौस असेल तर लांबच्या कोपऱ्यात दोन बेटं, आणि कुसळं काळी पडायच्या आत तुरे कापा. बी पेरायचं तर ताजं उगवत नाही म्हणून नाराज होऊ नका, त्याला काही महिने विश्रांती लागते. या वर्षीचं बी पुढच्या पावसाळ्यात पेरा.

कांस लावू नका. शरदातले त्याचे पांढरे तुरे नदीकाठीच बघावेत. जमिनीखालून ते असं पसरतं की पुढच्या वर्षी शेजाऱ्यांकडे निघेल. दर्भाचंही तेच.

तुरेच येत नाहीत अशी तक्रार असेल तर रात्री बाहेर जाऊन बघा. जुन्या ज्वारीसारखी कुसळी आणि तिच्यासारखी काही गवतं दिवस लहान व्हायला लागले की तुऱ्याला येतात. पुण्यात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा, डिसेंबरात अकराचा. बेटावर रात्रभर दिव्याचा झोत असेल तर त्यांच्या हिशोबाने दिवस लहान होतच नाही. माझ्या फाटकावरच्या दिव्याला मी पत्र्याची टोपी घातली, त्यानंतर त्या बाजूचे तुरे इतरांबरोबर यायला लागले.

शेवटचा रोग: माळी

हा दर पावसाळ्यात होतो आणि कोणत्याही मातीत होतो. तुम्ही आठ दिवस गावाला जाता. माळीकाका येतात, 'ताईंच्या बागेत केवढं गवत माजलंय' म्हणून प्रेमाने सगळं उपटून ढीग करून ठेवतात. आल्यावर त्यांचा चेहरा असा असतो की रागावताही येत नाही. मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग या गवतातलं तण कुठलं?" प्रश्न रास्त होता. त्या वाफ्यात गाजरगवतही होतं, केणाही होता, हरळीही.

उपाय सापडला तो विटांचा. वाफ्याभोवती भाजलेल्या विटांची तिरपी दातेरी ओळ लावली, जशी पूर्वी शाळेच्या बागेत असायची. बेटं सरळ रांगेत आणि मोजून अंतरावर घेतली, मधल्या जागेत खडी पसरली. खडीत उगवलेलं ते तण, रांगेतलं ते गवत. काकांना एका दिवसात कळलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दरवर्षी जो 'झाडी वाढलीय, साप येतील' हा विषय निघायचा तोही त्या वर्षीपासून बंद झाला. गवत तेवढंच होतं.

या जूनमध्ये फाटकापाशी मुरमातली ती चार बेटं फोडायची आहेत. मधे टक्कल दिसायला लागलंय.